अंगणात लॉन पेरायचं आहे: टिलर की टिकाव, रोलर की फळी?

घराचं बांधकाम संपतं तेव्हा अंगणात गिट्टी, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, नळाच्या पाइपचा बुजवलेला चर आणि शोषखड्ड्याभोवतीचा भराव एवढं सगळं असतं. परभणीत आमच्या गुंठाभर अंगणाची हीच अवस्था होती. तुमचीही अशीच जागा असेल, तर यंत्र भाड्याने सांगण्याआधी माती ओळखा. निवड तिथूनच बदलते.

मुरमाड जागा खचत नाही, पण ओल धरत नाही. तिच्यावर निदान चार इंच पोयट्याची माती लागते. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, तेव्हा एक इंचाच्या थरालाच जवळजवळ एक ब्रास (100 घनफूट) माती जाते. चार इंचांना साडेतीन ब्रासच्या वर. काळ्या मातीत हा खर्च नाही. पण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि नवा भराव असेल तिथे खाली बसते. खोलगट जागी मुरूम टाकून वर दोन बोटं माती पसरायचा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नका, तेवढ्याच चकत्या पुढे पिवळ्या पडतात.

आता खोदाई. पॉवर टिलर गुंठाभर जागा थोड्या वेळात भुसभुशीत करतो, टिकावाला दोन माणसांचे दोन-तीन दिवस जातात. तरी माझं मत टिकावाकडे झुकतं, आणि त्याचं कारण लव्हाळा हे तण. टिलरची पाती लव्हाळ्याच्या साखळीतल्या गाठी तोडून सगळीकडे पसरवतात. जिथे एक कोपरा होता तिथे सगळं अंगण होतं. टिकावाने खणताना गाठ हाताने वेचता येते, विटांचे तुकडेही निघतात. लव्हाळा नसेल आणि राडारोडा आधी उचललेला असेल, तर टिलर खुशाल आणा. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर मात्र मोकळ्या प्लॉटसाठी ठीक. कुंपणाच्या आत तो कोपरे सोडतो आणि चाकांखालची माती दाबून टाकतो.

काहीही वापरा, वाफसा पाहून वापरा. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, तर जमीन तयार आहे. ओल्या काळ्या मातीत टिलर घातला की ढेकळं होतात, आणि ती वाळली की दगडासारखी.

सपाटीला दाताळं आणि फळी दोन्ही लागतात. दाताळं खडे ओढतं, लांब सरळ फळी उंचवट्याची माती खळग्यात नेते. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या, खुंट्या ठोका, दोरी बांधा. घराकडून बाहेर 100 फुटांना एक ते दोन फूट उतार हवा. 33 फुटांच्या अंगणात तो चार ते आठ इंच येतो.

आणि इथेच थांबा, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. सपाटी झाली त्याच आठवड्यात मी बी टाकलं होतं. पाइपच्या चरावरची माती श्रावणात हातभर लांब, चार बोटं खोल बसली आणि उगवलेलं गवत उपटून भर घालावी लागली. जमिनीला एक-दोन चांगले पाऊस खाऊ द्या. खड्डे आपोआप दिसतात, तणही उगवून वर येतं. ते खुरप्याने काढा, पुन्हा फळी मारा, मग पेरा. जूनमध्ये सपाटी, जुलैत पेरणी हा क्रम मराठवाड्यात मला योग्य वाटतो. उन्हाळ्यात पेरलं तर रोज पाच मिलिमीटर पाण्याच्या हिशेबाने गुंठ्याला 500 लिटर लागतात. ज्या भागात 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे गवतासाठी ते ओतायला माझं मन होत नाही.

बर्म्युडा नावाने मिळणारं बी म्हणजे आपली हरळीच, गणपतीला दुर्वा वाहतो तीच. शेजारी भाजीचा वाफा असेल तर मध्ये विटांची खोल कडा घाला, नाहीतर ती वाफ्यात शिरेल. बी खसखशीहून फार मोठं नसतं. चौरस मीटरला पाच ते दहा ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला अर्धा ते एक किलो पुरतं. एवढ्या जागेसाठी फिरत्या चाकाचा स्प्रेडर विकत घेऊ नका. बियाण्यात चारपट कोरडी बारीक वाळू मिसळा, दोन भाग करा. एक पूर्व-पश्चिम, दुसरा दक्षिण-उत्तर फोका. जागा पाच-सहा गुंठ्यांची असेल तर स्प्रेडरने एकसारखेपणा येतो, तिथे तो घ्यावा. पाभरीचा, म्हणजे शेतातल्या पेरणीच्या अवजाराचा, विचार करू नका, ती बी फार खोल गाडते. हरळीला पाव इंचाहून जास्त माती नको. दाताळं उलटं करून हलकं फिरवलं की झालं.

रोलरने जमीन सपाट होते हा समज चुकीचा आहे. तो उंचवटा कापत नाही, आहे तशीच जमीन दाबतो. मुरमावरच्या भुसभुशीत पोयट्यावर हलका रोलर एकदा फिरवावा, बी मातीला चिकटतं. काळ्या मातीत मी फळी टाकून तिच्यावरून पावलं टाकतो, तेवढा दाब पुरतो. उगवण दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत चालते; मध्ये उघडीप पडली तर झारीने दिवसातून दोनदा हलकं शिंपा. पाइपची धार सोडलीत तर बी वाहून उताराच्या टोकाला जमेल.