सशाच्या ट्रेला लाकडी गोळ्या: कोरडे महिने आणि गोव्यातला पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल. घरात मोकळे फिरणाऱ्या सशांसाठी लाकडी गोळ्या (वुड पेलेट) आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या लिटरमध्ये, म्हणजे लघवी शोषायला ट्रेमध्ये पसरायच्या सामानात, सरस ठरल्या. मात्र पिशवीवर लिहिलेला "जाड थर, आठवड्यातून एकदा बदला" हा सल्ला गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत साफ निकामी ठरतो. नोव्हेंबर ते मेपर्यंत पाच तारे, पावसाळ्यात तीन.

मांडणी अशी: दोन सशांना मिळून ४५ × ६० सेंटिमीटरचा, मागची बाजू वीसेक सेंटिमीटर उंच असलेला प्लॅस्टिकचा साठवणीचा डबा. पुढून आठ-दहा सेंटिमीटर उंचीवर कापून केलेलं दार, कापलेली कड घासून गुळगुळीत. पेट-शॉपमध्ये मिळणारे तिकोनी कोपऱ्यातले ट्रे घेऊच नका. ससा मुतताना शेपटी वर करून मागे सरकतो, मग लेंड्या आत आणि धार भिंतीवर. पत्र्याचा ट्रे तर समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि मुतात एका मोसमात गंजतो, शिवाय जस्ताचा मुलामा चाटणं सशाला घातक.

दोन सेंटिमीटरच्या थराला साडेतीन किलोच्या आसपास गोळ्या लागतात. त्यावर जाळी नको, तळपाय सोलवटून जखमा होतात. गोळ्यांवर मूठभर वाळकं गवत पसरायचं आणि गवताचा मुख्य ढीग ट्रेच्या एका टोकाला लावायचा. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, त्यामुळे ट्रेची सवय लागण्यातलं निम्मं काम गवताची जागाच करते. गवत खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर लिटर कितीही महाग आणा, उपयोग नाही.

आता मुताविषयी, कारण लिटरचे बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. दोन किलोचा ससा दिवसाला दोनशे-अडीचशे मिलीलिटर लघवी सहज करतो. बहुतेक प्राणी आहारातून गरजेपुरताच कॅल्शियम शोषतात. ससा जेवढं मिळेल त्या प्रमाणात शोषतो आणि जास्तीचं लघवीतून बाहेर टाकतो. म्हणून लघवी गढूळ दिसते आणि वाळल्यावर ट्रेला पांढरट खरपुडी धरते. ती खरपुडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. साबणाने ती निघत नाही, आणि तिच्या खरबरीत पृष्ठभागात जंतू टिकून राहतात. त्यात लघवी अल्कधर्मी, पीएच ८ ते ९. जंतू युरिया फोडतात तेव्हा अशा माध्यमात अमोनिया वायू होऊन चटकन सुटतो. ऊब आणि ओल मिळाली की हे आणखी वेगाने होतं, आणि पावसाळ्यातल्या बंद खोलीत दोन्ही फुकट मिळतात.

कोरड्या महिन्यांत गोळ्या ओल शोषून फुगतात, फुटून भुसा होतात आणि ओलं कुठे आहे ते लगेच दिसतं. रोज सकाळी तेवढाच भाग खुरपीने उचलायचा, तिथे दोन मुठी नव्या गोळ्या टाकायच्या, चार-पाच दिवसांनी सगळं रिकामं. वास जवळपास नाही.

पावसाळ्यात दोन गोष्टी बिघडतात. उघड्या पिशवीतल्या गोळ्या हवेतली ओल पिऊन ट्रेमध्ये जाण्याआधीच भुसभुशीत होतात. दुसरं, वरून कोरडा दिसणारा थर तळाशी चिखल होऊन बसतो आणि त्यावर राखाडी बुरशी येते. थर जाड केला तर तळ आणखीच गुदमरतो. उपाय उलटा आहे: थर एक सेंटिमीटरचा, म्हणजे पावणेदोन किलो, आणि दर दोन दिवसांनी पूर्ण रिकामा. गोळ्यांचा एकूण खर्च थोडा वाढतो, पण बुरशी धरत नाही. पिशवी आल्याबरोबर घट्ट झाकणाच्या पिंपात ओतावी. गवतही तसंच. कुबट वास आलेलं गवत ट्रेमध्येसुद्धा टाकू नये, ससा ते खाणारच. वासाची परीक्षा उभ्याने घेऊ नका. नाक सशाच्या उंचीवर, ट्रेपासून वीतभर अंतरावर न्या. तिथे झणझणलं तर सशाच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला आधीच त्रास सुरू झालेला असतो.

गोळ्या घेताना एक खबरदारी. बॉयलरसाठी विकल्या जाणाऱ्या बायोमास गोळ्यांत काय काय दळलेलं असतं याचा भरवसा नसतो. प्राण्यांसाठीच्या, भट्टीत सुकवलेल्या लाकडाच्या, बिनवासाच्या घ्याव्यात. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात प्लायवुडचा डिंक आणि बारीक धूळ असते. भाताचं तूस स्वस्त, पण शोषत जवळपास नाही, लघवी सरळ तळाला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) इथे मुबलक, शोषतंही भरपूर, पण ओलं राहतं, बुरशी धरतं आणि सशाचे पाय तपकिरी करतं. मांजरांचं गोळा होणारं बेंटोनाइट मातीचं लिटर तर अजिबात नको, पोटात गेलं तर आतडं बुजू शकतं. पावसाळ्यात गोळ्या मिळाल्या नाहीत तर फाडलेला वर्तमानपत्राचा कागद रोज बदलावा. दिसायला गबाळं, काम चोख.

खरपुडीसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी समान भाग. आधी ट्रे कोरडाच खरवडून रिकामा करा, नाहीतर ओला भुसा लापशी होऊन मोरी तुंबवतो. मग डागावर मिश्रण ओता, बुडबुडे येतील, वीस मिनिटं थांबा, ब्रशने घासा, धुऊन वाळवा. जाड थरावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कागद चिकटवून ठेवावा. माडाच्या सुरेचं व्हिनेगर सोरपोतेलात (गोव्याच्या डुकराच्या मटणात) शोभतं, ट्रेवर मुंग्या आणतं. जमिनीवर सांडलं तर मात्र सांभाळा. मोझॅकच्या लाद्या, संगमरवर, कोटा आणि जुन्या घरांतली लाल सिमेंटची जमीन, सगळ्यांत चुन्याचा अंश आहे. व्हिनेगर त्यांनाही खातं आणि चकाकी कायमची जाते. तिथे कागदाने टिपून सौम्य साबणाचं पाणी पुरे. काळं फिनाइल नको, फिनॉल सशांना विषारी. ब्लीचिंग तर लघवीवर किंवा व्हिनेगरसोबत कधीच नको, विषारी वायू सुटतो.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडलेली खरेदी म्हणजे दुसरा डबा. पावसात धुतलेला ट्रे दुपारपर्यंतही वाळत नाही. दोन आळीपाळीने वापरले की ओल्या ट्रेमध्ये गोळ्या ओतण्याची घाई राहत नाही. नवीन भरताना जुन्या कोरड्या लेंड्या मूठभर टाका. ट्रे फार निर्मळ केला तर काही ससे खूण करायला बाहेर मुततात.

आणि जे लिटर बदलून सुटत नाही ते ओळखा. चार-सहा महिन्यांच्या, खच्ची न केलेल्या नराचे भिंतीवरचे फवारे हार्मोनचे असतात. शस्त्रक्रियेनंतरही ते थांबायला काही आठवडे जातात. ट्रेमध्ये नीट जाणारा ससा अचानक ट्रेच्या दाराशी मुतू लागला तर आधी दाराची उंची बघा, म्हाताऱ्या सशाचे सांधे दुखत असतात. लघवीचा रंग पिवळा, नारिंगी, विटकरी काहीही असू शकतो, तो बहुधा अन्नातला रंग. पण टूथपेस्टसारखा दाट गाळ, कुंथणं किंवा रक्ताच्या गुठळ्या दिसल्या तर डॉक्टर. गाळ वारंवार येत असेल तर लसूणघास आणि शेवग्याचा पाला बंद करा, पाणी बाटलीऐवजी जड वाडग्यात द्या, पाला ओला असतानाच घाला.

मागचा भाग ओला राहिलेला ससा पावसाळ्यात एक दिवसही दुर्लक्षून चालत नाही. माशी ओल्या केसांत अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या बाहेर येऊन कातडी खाऊ लागतात. सकाळ-संध्याकाळ उलटं न करता शेपटी उचलून बघायचं, ओलं असेल तर फक्त तेवढाच भाग कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करायचा. अळी दिसली तर औषध शोधत बसू नका, त्याच तासाला दवाखाना.

ट्रेमधला भुसा आणि लेंड्या माडाच्या आळ्यात जातात. लेंड्या थेट चालतात. लघवीने भिजलेला भुसा महिनाभर झाकलेल्या ढिगात मुरू द्यावा, कुंड्यांत ताजा घालू नये, मुळं करपतात.