ट्रोलिंगचा वेग किती ठेवायचा: १.२, २ की २.८?

ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे गळ ओढत मासे पकडणं, आणि नवीन बोट घेतली की महिन्याभरात वेगाचा हा प्रश्न पडतोच. कुणी सांगतं ताशी १.२ मैल, कुणी २.५ च्या खाली जाऊच नको म्हणतं, आणि दोघांच्या फोनमध्ये माशांचे फोटो असतात त्यामुळे खोटं कुणालाच म्हणता येत नाही. मी अमेरिकेत टोलेडोजवळ राहतो, १८ फुटी ॲल्युमिनियमची बोट आहे, उन्हाळाभर लेक इरीवर वॉलआय (गोड्या पाण्यातला मासा) आणि वर्षातून दोन-तीनदा लेक मिशिगनवर सॅमन, त्यामुळे जे लिहितोय ते या दोन तलावांपुरतं. मूळचा रत्नागिरीचा, लहानपणी जेटीवर बसून गरवायचो, तिथे वेगाचा संबंधच नव्हता, गळ टाकायचा आणि बसायचं. इथे गळ ओढायचा असतो आणि सगळी गंमत त्या ओढण्यात आहे.

माझं मत आधीच सांगतो, आकडा आधी ठरवू नका, बोटीमागे काय बांधलंय ते आधी बघा, कारण प्रत्येक ल्युअर (माशाला भुलवणारं आमिष) एका ठरावीक वेगातच नीट चालतो, त्याच्या खाली तो मेलेला असतो आणि वर गेलात की वेडा होतो.

सगळ्यात हळू चालणारा प्रकार म्हणजे क्रॉलर हार्नेस. हुकात मोठं गांडूळ, त्याच्या पुढे रंगीत मणी आणि फिरणारं पातं. हा ०.८ ते १.५ मध्ये चालवायचा, मी १.१-१.२ वर सुरू करतो. १.२ मैल म्हणजे सेकंदाला पावणेदोन फूट, आपली आजी देवळाला प्रदक्षिणा घालते ना, साधारण तोच वेग. पातं कुठलं आहे यानेही फरक पडतो, गोल कोलोरॅडो पातं अगदी हळू वेगातही धडधडत फिरतं, लांबट विलो पात्याला जास्त वेग लागतो, म्हणून १ च्या आसपास राहायचं असेल तर विलो लावून काही उपयोग नाही.

माझा पहिला जुलै मी इथेच घालवला. सॅमनचे व्हिडिओ बघून डोक्यात २.४ बसलेलं, तेवढ्यानेच हार्नेस ओढत होतो आणि चार तासात एक मासा नाही. शेजारून एक म्हातारा अगदी रेंगाळत जात होता आणि त्याची जाळी दर दहा मिनिटांनी पाण्यात. शेवटी लाइन गुंडाळून बघितली तर गांडूळ सरळ ताणलेलं राहायच्या ऐवजी हुकावर गोळा होऊन स्वतःभोवती गरगर फिरत होतं, आणि लाइनला एवढे पीळ पडलेले की सैल सोडल्यावर टेलिफोनच्या जुन्या वायरसारखी गुंडाळी झाली. १.२ वर आलो, गांडूळ सरळ केलं, आणि त्या दिवशी घरी चार वॉलआय गेले. (रवा आणि मालवणी मसाला लावून तळा, पापलेट आठवणार नाही असं नाही पण जेवण होतं झकास.)

क्रँकबेट म्हणजे तोंडाला प्लास्टिकची जीभ असलेला लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा. उन्हाळ्यात १.८ ते २.३, पण एप्रिलमध्ये पाणी ४०-४५ फॅरनहाइट असताना त्यालाच १ ते १.५ वर आणायचं, थंड पाण्यात मासा पाठलाग करत नाही. याचा फायदा असा की वेग थोडा वरखाली झाला तरी खोली फारशी बदलत नाही, ती त्या जिभेवर आणि किती लाइन सोडली त्यावर ठरते. नवीन माणसाला मी हेच सुचवेन, चूक पोटात घालतो. फक्त सोडायच्या आधी बोटीच्या कडेला धरून चालवून बघा, एका बाजूला कलंडत असेल तर पकडीने पुढची कडी उलट्या दिशेला किंचित वाकवायची, उजवीकडे पळतोय तर कडी डावीकडे, अगदी केसभर.

स्पून (चमच्यासारखा धातूचा ल्युअर) आणि सॅमन हा वेगळाच संसार. लेक मिशिगनमध्ये सॅमन मूळचा नाही, १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक आणून सोडले, तेव्हा एलवाइफ नावाच्या बारक्या माशाचा तिथे नुसता सुळसुळाट होता. (गावाकडे सॅमन म्हटलं की लगेच "म्हणजे रावस ना?" विचारतात, रावसाला बाजारात इंडियन सॅमन म्हणतात खरं पण दोघांचं नातं काही नाही.) चिनूकसाठी फ्लॅशर (ल्युअरच्या पुढे बांधायची चमकती पट्टी) आणि त्याच्यामागे फ्लाय (झिरमिळ्यांचा ल्युअर) असेल तर २ ते २.६, नुसते स्पून असतील तर २.३ ते २.८, आणि वरच्या पाण्यात स्टीलहेड (ट्राउटचाच एक प्रकार) असतील तर ३ पर्यंत बिनधास्त. तळाशी लेक ट्राउट हवे असतील तर पुन्हा २ च्या खाली. फ्लॅशरने पूर्ण गोल फिरायला पाहिजे, आणि डॉजर, म्हणजे तशीच दुसरी पट्टी, त्याच्या उलट, तो डावीकडे-उजवीकडे डोलायला पाहिजे, तो गोल फिरायला लागला म्हणजे तुम्ही जास्त पळताय.

आता यात एक मोठी गोची आहे. स्क्रीनवर दिसणारा जीपीएसचा वेग हा जमिनीच्या हिशोबाने असतो, ल्युअरला कळतो तो पाण्याचा. वारा वरचं पाणी एका दिशेला ढकलतो आणि खाली ६०-७० फुटांवर प्रवाह भलतीकडेच जात असू शकतो, मग स्क्रीनवर २.४ असतं आणि खाली स्पूनला प्रत्यक्षात १.६ मिळत असतो. डाउनरिगर म्हणजे वायरला जड गोळा लावून लाइन खोल नेणारं यंत्र, त्याच्या गोळ्यापाशी वेग आणि तापमान मोजणारा प्रोब मिळतो, फिश हॉक वगैरे, स्वस्त नाहीये, पण सॅमन मनावर घेतला असेल तर नवीन रॉड घ्यायच्या आधी तो घ्या. फक्त इरीचा पश्चिम भाग करणार असाल तर गरज नाही, तिथे सरासरी खोलीच २४ फूट आहे, जीपीएसवर भागतं. प्रोब नसेल तर डाउनरिगरची वायर बघायची, एकाच स्पीडला एका दिशेने जाताना ती जवळपास सरळ आणि उलट येताना खूप मागे झुकलेली दिसली की समजायचं खाली प्रवाह आहे.

लेड कोर वापरणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, ती दर १० यार्डांना रंग बदलणारी जड लाइन, हिची खोली वेगावर फार अवलंबून असते, हळू गेलात की खाली बसते, वेग वाढवला की वर येते, म्हणजे वेग बदलला की तुम्ही नकळत खोली पण बदललीत. मग मासा कशामुळे लागला हे कळत नाही.

वेग बरोबर आहे का हे शोधायची फुकटची युक्ती म्हणजे नागमोडी चालवणं. वळताना बाहेरच्या बाजूची लाइन जोरात जाते, आतली मंदावते. बाहेरच्या रॉडला लागोपाठ दोन-तीन मासे लागले तर वेग ०.२ ने वाढवा, आतल्याला लागले तर कमी करा. एकदम अर्धा मैल नको.

इंजिनाचं काय, तर माझं मोठं इंजिन नुसतं गिअरमध्ये टाकलं तरी २.३ ने पळतं, म्हणजे सॅमनला ठीक, हार्नेसला बिलकुल नाही. यावर तीन उपाय. ड्रिफ्ट सॉक म्हणजे पाण्यातली छत्री, सगळ्यात स्वस्त, पण मासा आणताना त्याच्यात लाइन अडकली की शिव्या येतात. पुढची इलेक्ट्रिक मोटर १ ते १.५ ला लाजवाब, आवाज नाही, जीपीएसने सरळ जाते, पण २.५ ने दिवसभर चालवायला गेलात तर दुपारपर्यंत बॅटरी झोपते. तिसरा ९.९ हॉर्सपॉवरचा किकर, म्हणजे मोठ्याच्या जोडीला लावायचं छोटं इंजिन, दोन्ही वेगात चालतो, खर्च आणि वजन जास्त. फक्त वॉलआय करणार असाल तर इलेक्ट्रिक घ्या, दोन्ही करायचं असेल तर किकर, आणि यंदा पैसे नसतील तर सॉक घेऊन क्रँकबेट ओढा, काही बिघडत नाही.

मासा लागला की बोट थांबवू नका, बाकीच्या लाइनी बसतात आणि एकमेकींत गुंततात, जरा हळू करा बस. आणि त्याच क्षणी वेग वहीत लिहा, सोबत दिशा पण लिहा, कारण पूर्वेकडे जाताना २.२ आणि पश्चिमेकडे जाताना २.२ हे खालच्या स्पूनला एक नसतं. माझ्याकडे एका अख्ख्या ऑगस्टच्या नोंदी आहेत, छान अक्षरात, वेग, खोली, रंग सगळं, दिशा एकाही ओळीत नाही.