आजी धरमपेठेत, नात न्यू जर्सीत: पट कोणता मांडायचा?

पोरं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर थेट अमेरिकेत आणि आजी-आजोबा नागपुरात, अशी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. दुरून एकत्र खेळायचं ठरलं की खेळ किती भारी आहे ते नंतर पाहा. मोबाइलची सवय सगळ्यात कमी कोणाला, ते आधी पाहा. त्या माणसाला जमेल तोच खेळ घरात टिकतो.

आजी खेळणार असेल तर बहुतेक जण लुडो किंग घेतात. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचं हे ॲप २०१६ पासून आहे आणि फुकट आहे. खासगी रूम उघडायची, कोड घरच्या ग्रुपवर टाकायचा, बस. नियम शिकवावे लागत नाहीत, सापशिडीही त्यातच मिळते. त्रास जाहिरातींचा, मध्येच भलतंच काही उघडतं आणि म्हातारं माणूस गोंधळतं. शिवाय पाळीला वेळ बांधलेला, त्यामुळे ‘थांब नं बाप्पा, पाहू दे मला’ म्हणायची सोय नाही. पैसे लावायच्या लुडोकडे मात्र वळू नका. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं तसे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत.

म्हणूनच थकलेल्या माणसांसाठी मला दुसरी पद्धत जास्त आवडते: दोन्ही घरी खराखुरा पट आणि मध्ये व्हिडिओ कॉल. फासा ज्यानं त्यानं आपल्याकडे टाकायचा, सोंगट्या दोन्ही पटांवर सरकवायच्या. घाई नाही, जाहिरात नाही, आणि आजीचे डोळे पडद्यावरच्या बटणांऐवजी नातीच्या तोंडाकडे असतात. सापशिडी, लुडो, बुद्धिबळ यांना हे छान जमतं. पानं लपवायच्या खेळांना नाही, कारण पत्ते वाटायचे कोणी? मे महिन्यात एक काळजी घ्या. कूलरच्या घरघरीत पलीकडच्याला काही ऐकू जात नाही, तेव्हा माइकवाले इअरफोन लावाच.

कॉलेजच्या जुन्या टोळीसाठी बोर्ड गेम अरेना घ्या. ब्राउझरमध्ये चालतं, काही उतरवून घ्यावं लागत नाही, शेकडो खेळ आहेत आणि गुण तेच मोजतं. काही खेळांना वर्गणी लागते, पण टेबलावरच्या एकाकडे ती असली की बाकीचे फुकट बसतात. टेबलटॉप सिम्युलेटर हे पडद्यावर पट मांडायचं सॉफ्टवेअर मात्र संगणकावरच चालतं, विकत घ्यावं लागतं आणि नियम आपले आपणच सांभाळायचे. हौशी मंडळींनीच त्या वाटेला जावं.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून नातवंडानं बुद्धिबळाचा हट्ट धरला असेल तर लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट उघडा. पूर्ण फुकट, जाहिरात शून्य, देणग्यांवर चालतं. त्यातला पत्रव्यवहारी डाव दूरच्या नात्यांसाठी फार मोलाचा आहे: एका चालीला काही दिवसांची मुदत ठेवता येते. आजोबा सकाळच्या चहाबरोबर घोडा हलवतात, नात तिच्या सकाळी उत्तर देते. बोर्ड गेम अरेनावरही असा सावकाश डाव मांडता येतो.

एकाच वेळी बसायचं तर नागपूरचे रविवार रात्रीचे नऊ धरा. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेदहा.