द्राक्षपट्ट्यात भाड्याचं घर : अठरा महिन्यांनंतर

गेल्या गुरुवारी पहाटे पावणेचारला शेजारच्या द्राक्षबागेत औषध फवारायचा ब्लोअर सुरू झाला आणि माझं सात वर्षांचं पोरगं खोकत उठलं. त्याला बालदमा आहे. मी खिडकी लावली, फटीत जुना टॉवेल कोंबला, वाफ दिली. सकाळी दोरीवरच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर बारीक निळसर ठिपके होते. तो शर्ट घेऊन मी घरमालकांकडे गेले आणि आमचं जे भांडण झालं, त्यानंतर ठरवलं की हे सगळं एकदा लिहून काढायचं. ‘नाशिकला वायनरीच्या बाजूला घर घ्यावं का, भाड्याने राहावं का,’ असं विचारणारे नातेवाईक आणि मैत्रिणी मला दर महिन्याला भेटतात. त्यांच्यासाठी हे आहे.

आम्ही मूळचे डोंबिवलीचे. जून 2023 मध्ये नवऱ्याची बदली दिंडोरीकडच्या कारखान्यात झाली आणि आम्ही जानोरी-मोहाडीच्या पट्ट्यात, गावाच्या कडेला, बैठं घर भाड्याने घेतलं. भाडं 8,500. डोंबिवलीत याच्या निम्म्या जागेला 19,000 देत होतो. अकरा महिन्यांचा करार, आता दुसरा चालू आहे. घराच्या दोन बाजूंना द्राक्षबाग. आमच्या न्हाणीघराच्या भिंतीपासून पहिली ओळ पंधरा पावलांवर. दलालाने हेच तर दाखवलं होतं: खिडकी उघडली की हिरवी बाग, मागे डोंगर. पाऊस नुकताच सुरू झाला होता. मी खिडकीची चौकट पाहिलीच नाही, बाहेरच पाहत राहिले.

वायनरी, धरणाकाठचा सूर्यास्त, सुट्टीच्या दिवशी गंगापूर रोडवरच्या मुंबईच्या गाड्या हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. एकच सांगते. पाहुणे आले की समोरच्या मांडवाकडे बोट दाखवून ‘यापासून वाइन होते ना?’ असं विचारतात. नाही होत. आमच्या दोन्ही बाजूंना खायची द्राक्षं आहेत, थॉमसन जातीची. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांचा अगदी थोडा भाग वाइनला जातो. वाइनचा प्लॉट ओहोळापलीकडे आहे, एकरभर, शेनिन ब्लांक नावाच्या वाइनच्या जातीचा. तिथे मांडव नाही, वेली तारांवर उभ्या बांधलेल्या. मणी लहान, आत बी. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीएचे डिपिंग करतात, म्हणजे घड जिबरेलिक ॲसिड या संजीवकात बुडवतात, तसलं काही तिथे नाही. खायच्या बागेच्या मानाने तिथे फवारेही कमी. घर बघायला जाल तेव्हा शेजारी कसला प्लॉट आहे हे विचारा. मी विचारलं नव्हतं.

पहिले चार महिने मी या जागेच्या प्रेमातच होते. पावसाळ्यात बाग नुसती वाढत असते. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तेव्हा पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, एकराच्या हिशोबाने उक्तं काम घेतात आणि बांधावर पाल ठोकून राहतात. छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना पेस्टिंग करतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. आमच्या शेजारच्या बागेत बायका हातमोजे घालून एकेक डोळा बुडवल्यासारखा ओला करत होत्या. मुकादम सगळ्यांना बजावत होता, आज-उद्या कुणी दारूला शिवायचं नाही. ते औषध अंगात गेलेलं असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, श्वास लागतो. मला तोवर वाटत होतं की औषध म्हणजे शेणखताच्या वासासारखं काहीतरी, दोन दिवस सोसायचं. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

मग पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, फुटला आणि ब्लोअर सुरू झाला.

ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी: ट्रॅक्टरच्या मागे टाकी आणि टाकीच्या मागे मोठा पंखा. तो पंखा औषधाचं धुकं करून दोन्ही बाजूंच्या ओळींवर फेकतो. गल्लीत जनरेटर आणि पंपाचं इंजिन एकदम लावल्यासारखा आवाज. वारा पडलेला असतो म्हणून फवारा रात्री किंवा पहाटे. छाटणीपासून खुड्यापर्यंत, म्हणजे द्राक्षं काढेपर्यंत, साधारण चार-साडेचार महिने, त्यात किती फवारे होतील हे हवेवर. ढग आले की जास्त. डाऊनी आणि भुरी हे वेलीचे बुरशीजन्य रोग; डाऊनीसाठी वेगळा, भुरीसाठी वेगळा. पहिल्या हंगामात मी कॅलेंडरवर फुली मारत गेले. नोव्हेंबरच्या एका आठवड्यात चार फुल्या आहेत.

या घराला मी नोव्हेंबर 2023 मध्ये पाचपैकी दीड गुण दिले असते. सामान बांधायची भाषा घरात सुरू झाली होती.

26 नोव्हेंबरला रविवार होता. दुपारपासून आभाळ भरलेलं, संध्याकाळी विजा आणि पाऊस. निफाडकडे गारपीट झाली, आमच्याकडे नुसता पाऊस, पण जोरात. वीज गेली. पाऊस थांबून अर्धा तास झाला असेल आणि ब्लोअर सुरू झाला. त्या ओल्या हवेत, पोरगं आधीच धापा टाकत असताना. मी छत्री न घेताच बांधावर गेले आणि शेजारच्या बागेचे मालक, त्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांना ट्रॅक्टर बंद करायला लावला. जे तोंडात आलं ते बोलले.

ते खाली उतरले. म्हणाले, ‘ताई, औषध नाही यात. टाकी रिकामी आहे. नुस्तं वारं मारतोय, घडातलं पाणी उडवायला.’

आणि त्यांनी मला ओळीत नेलं. बॅटरीच्या उजेडात एक घड हातावर घेऊन दाखवला. फुलोऱ्यातला घड मी तोवर जवळून पाहिलाच नव्हता. मोहरीहून लहान हिरव्या कळ्या, काहींची टोपी निघालेली, काहींची निघायची होती, आणि प्रत्येक फांदीच्या बेचक्यात पाण्याचा थेंब अडकलेला. ते म्हणाले, हे पाणी रात्रभर असंच राहिलं तर घड कुजतो, गळतो, डाऊनी आली तर हातात काही राहत नाही. तोवर त्यांचा एकरी काही लाखांचा खर्च झालेला होता. वहिनी आणि त्यांचा कॉलेजातला मुलगा पलीकडच्या ओळीत हाताने तारा हलवून पाणी झाडत होते. तारा हलल्या की पुन्हा पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा.

मी घरी गेले, पोराला नवऱ्याकडे दिलं आणि परत येऊन दोन तास तारा हलवल्या.

तेव्हापासून माझं मत बदललं. त्या रात्रीनंतर मला ही जागा ‘व्ह्यू’ म्हणून बघता येत नाही. समोर जे हिरवं आहे ते कुणाचं तरी वर्षभराचं पीक आहे, कर्ज काढून उभं केलेलं. कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. तयार मण्यांना थंडीने तडे जातात म्हणून धूर करतात, विहिरीचं कोमट पाणी ठिबकने सोडतात. त्या धुराचाही आम्हाला त्रास होतो. पण आता मी कॅलेंडरवर फुली मारत नाही. आदल्या संध्याकाळी आभाळ बघून कपडे आत घेते.

आणि फेब्रुवारी-मार्चमधला खुडा. निर्यातीचा माल असल्याने त्याआधीचे कित्येक दिवस औषध बंद असतं. 2010 मध्ये एका औषधाच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, तो फटका इथे अजून प्रत्येकाच्या बोलण्यात आहे. नमुने प्रयोगशाळेत तपासून आल्याशिवाय माल हलत नाही. त्या दिवसांत इथली हवा कोकणातल्यासारखी वाटते. रात्री खिडक्या सताड उघड्या. पॅकिंगमध्ये घडातून निखळलेले सुट्टे मणी दादा आम्हाला 15 रुपये किलोने देतात. मागच्या मार्चमध्ये मी चाळीस किलो घेतले, गच्चीवर सुकवले. बेदाणा बाजारासारखा पिवळाधमक होत नाही, तपकिरी होतो, पण दिवाळीच्या शिऱ्यात आणि श्रीखंडात वर्षभर तोच वापरला. सुक्या मेव्याचा खर्च वाचला तो वेगळाच.

ओहोळापलीकडचा वाइनचा प्लॉट पहाटे अंधारात खुडतात, माल थंड असतानाच वायनरीत पोचावा म्हणून. हेडलाइट लावून क्रेट भरताना पाहिलंय. त्या मालकांशी बोलल्यावर कळलं की वाइनच्या द्राक्षात भाव आधी ठरलेला असतो, व्यापारी माल घेऊन पळाला असं होत नाही. पण 2008-09 च्या मंदीनंतर कंपन्यांनी माल उचलला नाही तेव्हा इथल्या पुष्कळ जणांनी वाइनच्या बागा तोडल्या, हेही त्यांनीच सांगितलं. वायनरीचे झगमगीत फोटो बघताना हे लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. आणि वाइन इथे स्वस्त मिळेल या आशेने येऊ नका. आम्ही वायनरीतून दोनदा बाटली घेतली, डोंबिवलीच्या दुकानातल्याच भावात.

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ‘दारूच्या गावात पोराला वाढवणार का’ म्हणाल्या होत्या. गेल्या फेब्रुवारीत त्या पुन्हा आल्या आणि वहिनींबरोबर पॅकिंगला बसल्या.

आता गेल्या गुरुवारचं. मत बदललं म्हणून तक्रार संपली नाही. माझी तक्रार आता दादांवर नाही. त्यांनी एक गोष्ट स्वतःहून सुरू केली: फवारा असला की आदल्या रात्री आठ-नऊला फोनवर दोन शब्द टाकतात. ‘ताई, उद्या औषध.’ बस. तेवढ्याने निम्मा त्रास संपतो. गुरुवारी ढग अचानक आले, त्यांनीही झोपेतून उठून टाकी भरली, निरोप राहून गेला. सकाळी त्यांनीच दारात येऊन सांगितलं.

तक्रार घरमालकांवर आहे. ते स्वतः बागायतदार आहेत, त्यांना सगळं माहीत आहे. पंधरा पावलांवर ब्लोअर फिरणार हे माहीत असताना त्यांनी लाकडी झडपांच्या, बोटभर फटी असलेल्या खिडक्यांचं घर लहान मुलाच्या आई-वडिलांना दिलं. वर्षभर मी काचेच्या सरकत्या खिडक्या मागतेय. उत्तर एकच, ‘आमची पोरं याच घरात मोठी झाली.’ युरोपात ज्याच्या ताटात हे द्राक्ष जाणार आहे त्याच्यासाठी प्रत्येक प्लॉटचे नमुने तपासले जातात. बांधाला लागून झोपणाऱ्या मुलासाठी एक काच लावायला काय हरकत आहे? मजुरांच्या पालांबद्दलही मला हेच विचारायचं आहे. ते तर ताडपत्रीत झोपतात, त्याच बांधावर, त्यांची तान्ही मुलंही तिथेच असतात. यंदा दादांनी फवाऱ्याच्या रात्री टोळीला आपल्या शेडमध्ये झोपवायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही करावं.

घर बघणाऱ्यांनी हे करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बघायला या, जूनमध्ये नाही. रात्री मुक्काम करून बघा. निजायची खोली बागेच्या विरुद्ध बाजूला आहे का, खिडक्या घट्ट बसतात का, पाण्याची टाकी झाकलेली आहे का ते बघा. आमची टाकी उघडी होती, झाकण आम्ही घेतलं, 650 रुपये. शेजारच्या बागायतदाराला आधी भेटा, दलालाला नंतर. घरात दम्याचं माणूस असेल तर बांधापासून निदान शे-दोनशे पावलं आत घर घ्या, भाडं हजाराने जास्त पडलं तरी.

मी हे घर सोडतेय का? नाही. एप्रिलमध्ये करार नवा होईल. मालकांना सांगितलंय, भाडं पाचशेने वाढवा, पण दोन खिडक्या तुमच्या खर्चाने बसवा. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. स्लायडिंगवाल्याला मी रविवारी माप घ्यायला बोलावलंय.