कादंबरी बाकावर सोडावी की पोस्टाने पाठवावी?

वाचून झालेली कादंबरी अनोळखी वाचकाकडे कशी पोचवावी, असं ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका काकूंनी विचारलं.

2001 साली सुरू झालेल्या बुकक्रॉसिंग या, सोडलेल्या पुस्तकांचा माग ठेवणाऱ्या संकेतस्थळावर पुस्तकाची नोंदणी करायची, मिळालेला क्रमांक पुस्तकात लिहायचा आणि ते तलावपाळीच्या बाकावर सोडायचं. खर्च शून्य. पण पावसाळ्यात नाव काढू नका. शिवाय उचलणारा नोंद करेलच असं नाही. केली नाही तर पुस्तक कुठे गेलं ते कधीच कळत नाही.

टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या ज्ञान पोस्ट सेवेने 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, कर वेगळा. पार्सल कुठवर गेलं तेही कळतं. कादंबरी या सेवेच्या नियमात बसते का, हे मात्र खिडकीवर आधी विचारा. बांधणी सैल असेल तर दोन्हीकडून पुठ्ठा लावा. परक्यांना घरचा पत्ता द्यावा लागतो, हे मला खटकतं.

कादंबरी फिरून परत हवी असेल तर पोस्ट. रद्दीत जाऊ नये एवढंच असेल तर बाक, तोही दिवाळीनंतर.