रबरी, चामडी की पडद्याचे? प्राण्याच्या नाकाला चुकवणारे बूट निवडताना

पाणवठ्याच्या वाटेवर लावलेल्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण पाहत होतो. हरणी नेहमीच्या वाटेनं आली आणि आदल्या संध्याकाळी मी जिथं ती वाट ओलांडली होती, नेमकी तिथं थबकली. मान खाली, नाक मातीपासून बोटभर वर. मग पुढचा एक पाय उचलून तसाच धरला, दोनदा जमिनीवर आपटला आणि आली तशी माघारी गेली. मला तिथून जाऊन तोवर अकरा तास झाले होते. माझ्या पायात त्या दिवशी चामडी ट्रेकिंगचे बूट होते, वर्षभराच्या घामानं मुरलेले.

एका हरणीवरून नियम सांगता येत नाही, हे खरं. पण त्यानंतर बुटांकडे मी फार बारकाईनं पाहायला लागलो. बाजारात हे बूट शिकारीचे म्हणून मिळतात. घेणारा परवान्यानं शिकार करणारा असो, लपणात बसून फोटो काढणारा असो की माझ्यासारखा वाटेवर कॅमेरे लावणारा, प्रश्न एकच असतो: आपण येऊन गेलो हे प्राण्याला कळू नये.

पैसे मोजण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. आपला वास प्राण्यापर्यंत दोन वाटांनी जातो, वाऱ्यावरून आणि जमिनीवरून. वाऱ्यावर जातो तो श्वासाचा, केसांचा, कपड्यांचा आणि अंगावरून सतत झडणाऱ्या त्वचेच्या सूक्ष्म कणांचा. त्याच्यावर कोणत्याही बुटाचा इलाज नाही. वारा तुमच्याकडून प्राण्याकडे वाहत असेल तर पायात काय आहे याला काही अर्थ उरत नाही. बूट सांभाळतो तो फक्त जमिनीवरचा माग. आणि तो तेव्हाच महत्त्वाचा ठरतो, जेव्हा तुम्ही चाललेली वाट प्राणी नंतर ओलांडणार असतो.

तो माग कशानं तयार होतो? दोन्ही पायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात. ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. त्वचेवरचे जिवाणू त्यातले घटक फोडतात, तेव्हा आयसोव्हॅलेरिक आम्लासारखी द्रव्यं तयार होतात. मुरलेल्या चीजचा आणि दिवसभर घातलेल्या मोज्याचा वास एकमेकांच्या जवळ जातो तो याच आम्लामुळे. नाकात वासाचे रेणू टिपणाऱ्या प्रथिनांची (ग्राहकांची) कार्यक्षम जनुकं माणसात सुमारे ४००, कुत्र्यात सुमारे ८०० आणि गाईत हजाराच्या वर आहेत. रवंथ करणारी जनावरं नाकानं किती श्रीमंत आहेत, ते यावरून कळावं. शिवाय बऱ्याच हरणांच्या खुरांच्या बेचक्यात गंधग्रंथी असतात. पाऊल टाकलं की वास जमिनीवर उमटतो आणि मागून येणारं जनावर तो वाचतं. म्हणजे जमिनीवरचा गंध ही त्यांची रोजची भाषा आहे. कुत्र्यांवरच्या २००५ सालच्या एका प्रयोगात तर असं दिसलं की माणसाची ओळीतली पाच पावलं हुंगून प्रशिक्षित कुत्र्यांना तो कोणत्या दिशेला गेला ते ओळखता आलं. तीन पावलं पुरली नाहीत.

आता बुटांकडे.

गुडघ्याखालपर्यंत येणारा रबरी बूट, आपला गमबूट, या कामात सगळ्यात पुढे आहे. सापळे लावणाऱ्यांनी कोल्ह्यासारख्या सावध जनावरांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला, त्याला कारण आहे. रबर घाम शोषत नाही आणि आरपार जाऊही देत नाही. बाहेरून चिकटलेला वास पाण्यानं धुतला जातो. उंची असल्यामुळे पँटचं कापड गवताला घासत नाही. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. तळव्याचा ठसा जेवढा वास सोडतो, तेवढाच पोटरीला घासलेला गवताचा झुबका सोडू शकतो, आणि तो नेमका हरणाच्या नाकाच्या उंचीवर असतो. म्हणून घोट्यापर्यंतचा रबरी बूट घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. पँट बुटाच्या आत खोचता आली पाहिजे.

गमबुटाचे दोष मात्र लहान नाहीत. घाम बाहेर जात नाही, म्हणजे तो आतच साचतो. सैल बुटात पाऊल टाकलं की आतली हवा भात्यासारखी वरच्या तोंडातून बाहेर पडते, आणि ती हवा म्हणजे सगळ्या अर्कांचा अर्क. वर आवळता येणारा पट्टा असलेला किंवा पोटरीला नीट बसणारा बूट यासाठीच घ्यायचा. दुसरं, टाच आत वरखाली होते. ओल्या, मऊ पडलेल्या कातडीवर त्या घर्षणानं फोड लवकर येतात. तिसरं म्हणजे वजन, जोडी सहज दोन-अडीच किलोच्या घरात जाते. आणि उतारावर घोट्याला जो आधार लागतो तो मिळत नाही.

नव्या रबराला स्वतःचाही वास असतो. गंधक मिसळून तापवलं की रबर टिकाऊ होतं हे चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उमगलं, आणि आजही बहुतेक रबर तसंच पक्कं केलं जातं. नव्या जोडीचा तो उग्र दर्प बिनवासाच्या साबणानं दोन-तीनदा धुऊन आणि काही आठवडे सावलीत, मोकळ्या हवेत ठेवून बराच उतरतो. उद्या बसायचंय म्हणून आज बूट विकत आणू नका.

एक फसगत इथं सांगायला हवी. रबरी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक बुटांत रबर फक्त घोट्यापर्यंत असतं. वरचा भाग निओप्रीनचा, म्हणजे फोमसारख्या मऊ कृत्रिम रबराचा, आणि त्यावर कापडाचा थर. पायाला हे फार सुखाचं, थंडीत ऊब उत्तम. पण गवताला घासतं ते कापड, आणि कापड वास धरतं. कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास न हलता बसायचं असेल तर ही तडजोड मी करीन. उन्हाळ्यात अजिबात नाही.

चामडी बूट चालण्यासाठी आजही सर्वांत भरवशाचा. डोंगर चढताना, दगडगोट्यांवर, पाठीवर ओझं असताना घोटा जसा धरून ठेवतो तसा दुसरा कोणताच धरत नाही. पण वासाच्या बाबतीत त्याची स्वभावप्रकृतीच आड येते. चामडं म्हणजे शेवटी सच्छिद्र कातडी. घाम, मेण, पॉलिश, गाडीतलं तेल, स्वयंपाकघरातली फोडणी, सगळं ते पिऊन घेतं आणि ओलं झालं की परत सोडतं. पाण्यात बुडवून धुवावं तर कडक होतं. नव्या चामडी बुटानं मी फार तर एक हंगाम निभावून नेईन.

तिसरा प्रकार जलरोधक पडद्याच्या कापडी बुटांचा, गोर-टेक्स आणि त्यासारख्यांचा. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, शोध लावला, त्यातून हा पडदा आला. पाण्याचा थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. पाय कोरडा, बूट हलका, चाल लांब. पण जाहिरातीतलं हेच वाक्य वासाच्या बाजूनं वाचून पाहा. वाफ बाहेर जाते, तर तिच्याबरोबर वासाचे रेणू तरी आत का थांबतील? पाय कोरडा राहिल्यानं जिवाणूंची वाढ कमी होते, हा फायदा खरा. पण वास अडवण्याचं काम हा पडदा करत नाही, आणि वरचं कापड, शिवण, नाड्या यांत गंध मुरतोच.

‘वास शोषणाऱ्या’ कार्बनच्या अस्तरासाठी जास्त पैसे मागितले जातात. सक्रिय कार्बन, म्हणजे अतिशय सच्छिद्र केलेला कोळसा, वास शोषतो यात शंका नाही. पण त्याची जागा भरली की काम थांबतं, आणि कारखान्यात तो पुन्हा ताजा करायला शेकडो अंश तापमान लागतं. उन्हात वाळवून ते साधत नाही. मी त्यासाठी वेगळे पैसे देणार नाही.

पीव्हीसीचे गमबूट स्वस्त असतात. पण त्यांना मऊ ठेवणाऱ्या द्रव्याचा वास फार काळ जात नाही आणि थंडीत ते ताठ होतात. पॉलियुरेथेनचे बूट हलके आणि उबदार, वास अडवण्यातही चांगले. फक्त वर्षानुवर्षं दमट जागी पडून राहिले तर काही जोड्यांचा तळ भुसभुशीत होऊन सुटतो, हे लक्षात असू द्या.

मग घ्यायचं काय? माझा हिशेब चालण्याच्या अंतरावर आहे. अर्ध्या तासाच्या आत जागेवर पोहोचून बसायचं असेल, किंवा वाटेवरच कॅमेरा लावायचा असेल, तर पूर्ण रबरी, गुडघ्याखालपर्यंतचा बूट, दुसरा विचार नको. दिवसभर प्राण्याच्या मागावर चालायचं असेल तर प्राणी तुमच्या पुढे असतो. तुमचा माग तो ओलांडण्याची शक्यता कमी, त्यामुळे तिथं चामडी किंवा पडद्याचा बूट घ्या आणि सगळं लक्ष वाऱ्याकडे द्या. दहा किलोमीटर गमबुटात घामाघूम होऊन पोहोचण्यापेक्षा ते हजार पटींनी बरं. दोन्ही करायचं असेल तर मी चालायचे बूट घालून निघतो आणि गमबूट पाठीवर बांधून नेतो. शेवटच्या टप्प्याआधी थांबायचं, पाय पुसायचे, कोरडे लोकरीचे मोजे चढवायचे, मग गमबूट. पॉलिस्टर घामातली तेलकट द्रव्यं धरून ठेवतं आणि लवकर घाण वास मारतं. लोकर बरीच ओल पोटात घेऊनही तेवढा वास मारत नाही. मोज्यांवर केलेला खर्च बुटांइतकाच कामाला येतो.

एवढं करूनही दबलेल्या गवताचा, चुरडलेल्या पानांचा ताजा वास उरतोच. तो कोणत्याच बुटानं टळत नाही. म्हणून प्राण्याच्या वाटेवरून चालू नका. ती ओलांडायचीच असेल तर एकदाच, काटकोनात, आणि शक्यतो दगडावर पाय ठेवून.

हे बूट घालून पेट्रोल पंपावर उतरू नका, गाडी चालवू नका. पेट्रोलचा थेंब रबराला फुगवतोही आणि वासही सोडतो. जागेवर पोहोचेपर्यंत ते झाकणाच्या डब्यात असू द्या. परतल्यावर आतून पुसून, अस्तर काढून वाळवा आणि रात्रभर आत चमचाभर खाण्याचा सोडा टाकून ठेवा. आयसोव्हॅलेरिक आम्लाचा त्यानं क्षार होतो आणि क्षार हवेत उडत नाही. सकाळी सोडा झटकून टाका. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला तडे पाडतात, तेही आधी घोट्याच्या घडीवर. हंगामाच्या सुरुवातीला बूट पाण्यानं भरून तासभर जुन्या वर्तमानपत्रावर उभा करा. कागदावर ओल उमटली, तर तो जोड बागकामाला ठेवा.