बॉयलरविना काढलेला लेस्टरचा हिवाळा: ऑइल रेडिएटर आणि हीटेड थ्रोचा सहा महिन्यांचा अनुभव

वस्तू दोन. 2,000 वॅटचा ऑइल भरलेला रेडिएटर, 65 पौंडांचा. आणि हीटेड थ्रो, म्हणजे आत तारा असलेलं, विजेवर तापणारं पांघरूण. 38 पौंडांना एक, असे दोन घेतले. वापर नोव्हेंबर 2024 ते मे 2025. घर शंभर वर्षांहून जुनं, इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातलं, एकमेकांना लागून असलेल्या घरांच्या रांगेतलं (इथे अशा घराला टेरेस म्हणतात), भिंती भरीव विटांच्या. राहणारे आम्ही तिघं: मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक. ब्रँड सांगत नाही, कारण त्याने फरक पडत नाही. का ते पुढे येईलच.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिडलँड्समध्ये, म्हणजे आमच्या भागात, मोसमातला पहिला बर्फ पडला आणि त्याच आठवड्यात आमचा बॉयलर, म्हणजे गॅसवर पाणी तापवून घरभर भिंतींवरच्या रेडिएटरांत फिरवणारं यंत्र, बंद पडला. सकाळी उठून बघते तर ओट्यावर पाणी साचलेलं, आणि बॉयलरच्या काट्यावर प्रेशर शून्य. आधीचे दोन-तीन आठवडे प्रेशर उतरत होतं. मी फिलिंग लूप, म्हणजे त्यात पाणी भरायची नळी, उघडून ते परत दीड बारवर नेत होते आणि दिवस ढकलत होते. तिथेच जागं व्हायला हवं होतं. पाणी कुठेतरी जात असल्याशिवाय प्रेशर रोज उतरत नाही.

गॅस सेफ रजिस्टरमधला, म्हणजे गॅसचं काम करायची अधिकृत नोंदणी असलेला, माणूस बोलावला. मुख्य हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्यात पाणी तापतं तो भाग, गळत होता आणि ते पाणी खालच्या सर्किट बोर्डावर पडलं होतं. बॉयलर सोळा वर्षांचा. दुरुस्ती 700 पौंडांच्या पुढे आणि त्यानंतर किती टिकेल याची खात्री नाही; नवा बसवून 2,300. त्याने बॉयलरचा गॅस तोडला, भिंतींवरच्या रेडिएटरांच्या पाइपांतलं पाणी काढून टाकलं, शेगडीचा गॅस तपासून चालू ठेवला आणि खरं ते सांगितलं: यात पैसे घालू नका, जमतील तेव्हा नवाच घ्या.

पैसे नव्हते. ऑक्टोबरमध्येच आम्ही तिघांनी आयएलआरचा, म्हणजे इथल्या कायम वास्तव्याचा, अर्ज भरला होता. माणशी 2,885, तिघांचे 8,655 पौंड. पाच वर्षांची शिल्लक त्यात गेली. आमच्या व्हिसावर सरकारी भत्ते नाहीत, आणि हीटिंगच्या बहुतेक सवलती त्या भत्त्यांना जोडलेल्या असतात. कर्ज काढायचं नाही, हे दोघांचंही ठरलेलं. ओळखीतून एक जण दीडशे पौंड रोख घेऊन बॉयलर ‘चालू करून देतो’ म्हणत होता. त्याच्याकडे गॅस सेफचं कार्ड मागितलं, तर विषय बदलला. इथे गॅसचं काम नोंदणी असलेल्यानेच करायचं असा कायदा आहे, आणि त्या कार्डाच्या मागच्या बाजूला त्या माणसाला कोणकोणती कामं करता येतात ते लिहिलेलं असतं. पैसे कितीही कमी असोत, हे कार्ड दोन्ही बाजूंनी बघा.

आता रेडिएटर. दुकानात आणि ऑनलाइन ‘वीज वाचवणारा’ म्हणून दुप्पट किमतीचे हीटर दिसतात. त्यांना भुलू नका. विजेच्या कुठल्याही साध्या हीटरमध्ये एक युनिट वीज घातली की एक युनिटच उष्णता मिळते, मग तो वीस पौंडांचा पंख्याचा असो की दोनशेचा काचेचा. फरक फक्त ती ऊब कशी मिळते यात. पंख्याचा हीटर दोन मिनिटांत गरम हवा फेकतो आणि बंद केला की खोली लगेच गार. ऑइलचा तापायला पंचवीस-तीस मिनिटं घेतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देत राहतो. आतलं तेल जळत नाही, बदलावं लागत नाही. आवाज नाही, फक्त तापताना आणि निवताना पत्रा टिकटिक करतो. पहिल्या दोन दिवशी वास आला, मग गेला.

त्रास मात्र एक झाला आणि तो गंभीर होता. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री बंद करताना प्लगला हात लागला, तर प्लग चांगलाच तापलेला. हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटलाच लावला होता, एक्स्टेंशनला नाही, तरीही. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडून दाखवलं: आतली तार सैल, आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. सॉकेट बदलायला 60 पौंड गेले. रेडिएटरच्याच किमतीएवढे, पण त्या पैशांचं मला क्षणभरही वाईट वाटलं नाही. त्यानंतर आम्ही तो 2,000 वर न चालवता 1,200 वॅटवरच चालवला आणि रोज रात्री प्लगला हात लावून बघायची सवय ठेवली. कपडे वाळवायला त्याच्यावर एकदाही टाकले नाहीत, आणि पडदा, सोफा मीटरभर लांब.

1,200 वॅटवर पूर्ण घर गरम होत नाही. आम्ही खालची बसायची खोली तेवढी धरली. दाराखाली कापडी गुंडाळी, पत्रपेटीच्या फटीला ब्रश, आणि खिडकीला हेअर ड्रायरने ताणून बसवायची पारदर्शक फिल्म. या तिन्हींना मिळून पंचवीस पौंडही लागले नाहीत आणि खोलीत तीन तासांऐवजी दोन तासांत ऊब येऊ लागली. रेडिएटरच्या बटणावर अंश लिहिलेले नसतात, म्हणून साधा थर्मामीटर टांगला. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान 18 अंश ठेवायला सांगते. आमची खोली संध्याकाळी 17 ते 18 वर राहायची. वरच्या झोपायच्या खोल्या जानेवारीत पहाटे 8 ते 9. म्हणून तिघंही खालीच गाद्या टाकून झोपलो. लेकीला ते इतकं आवडलं की नवा बॉयलर लागल्यावर वर झोपायला जाताना ती रडली.

पण खरा आधार कुणाचा झाला असं विचाराल तर थ्रोचा. मी घरून काम करते. दिवसभर खोली तापवायची तर दहाबारा युनिटं सहज जातात. थ्रो पूर्ण तापवल्यावरही जेमतेम 100 ते 120 वॅट घेतो. खुर्चीत बसून तो मांडीवरून पायांपर्यंत घेतला की खोली 14 अंशांवर असतानाही बोटं कीबोर्डवर नीट चालतात. नऊ पायऱ्या आहेत. तापताना नऊवर, मग तीन-चारवर पुरतो. तीन तासांनी आपोआप बंद होतो, याचा पहिल्या आठवड्यात राग यायचा, आता ते बरंच वाटतं. कंट्रोलर काढून मशीनमध्ये धुता येतो. दोनदा धुतला, काही झालं नाही.

दुसऱ्या थ्रोचा कंट्रोलर फेब्रुवारीत लुकलुकायला लागला आणि तापेना. जोड घट्ट बसवून पाहिली, फरक नाही. कंपनीने फोटो मागितले, तीन आठवडे लावले आणि शेवटी बदलून दिला. पावती जपून ठेवली नसती तर दिला नसता. हा थ्रो घडी घालून किंवा अंगाखाली घेऊन वापरायचा नाही, आणि लहान मुलांना एकटं देऊ नका. लेकीसाठी गरम पाण्याची रबरी पिशवीच ठेवली. त्या पिशवीच्या तोंडाजवळ रबरात एक फुलासारखी आकृती उमटवलेली असते. मधल्या आकड्यावरून वर्ष आणि पाकळ्यांवरून महिना कळतो. आमच्या कपाटातली जुनी पिशवी सात वर्षांपूर्वीची निघाली, ती त्याच दिवशी टाकली. दोन वर्षांवर पिशवी वापरू नये, कारण रबर विरतं आणि एखाद्या रात्री फुटतं. पाणीही उकळतं भरायचं नाही.

उबेपेक्षा आंघोळीचं पाणी जड गेलं. हीटिंग आणि नळाचं पाणी दोन्ही बघणारा कॉम्बी बॉयलर गेला की नळाचं गरम पाणीही जातं. साताऱ्याहून आई म्हणाली, हीटर रॉड पाठवते. तिला नाही म्हटलं. इथल्या बाथरूममध्ये सॉकेट नसतं, आणि तार बाहेरून ओढून पाण्याच्या बादलीत रॉड सोडायचा, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. मग तिने आजीच्या बंबाची आठवण काढली आणि म्हणाली, बादलीभर पाण्यात आंघोळ आपण आयुष्यभर केली, तुला काय अवघड आहे. खरंच होतं ते.

आमचं बाथरूम जुन्या टेरेस घरांत असतं तसं खालीच, स्वयंपाकघराच्या मागे आहे. हे मोठं नशीब. जिन्यावरून उकळतं पाणी नेणं मी कुणालाच सुचवणार नाही. झाकण ठेवून मोठं पातेलं शेगडीवर आणि जोडीला एक किटली. जानेवारीत नळाचं पाणी इतकं गार असतं की पंधरा लिटर कोमट पाण्याला पाच-सहा लिटर उकळतं लागतं. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावला. लेकीला बादली आणि तांब्या म्हणजे खेळच. केस धुवायचे दिवस मात्र आम्ही मैत्रिणीच्या घरी आणि पोहण्याच्या तलावावर भागवले.

माझी मोठी चूक झाली ती वरच्या खोल्यांत. दारं बंद करून टाकली, पैसे वाचले असं वाटलं. नाताळच्या सुमारास लेकीच्या कपाटातून स्वेटर काढायला गेले तर त्याला ओला, मातकट वास. कपाट पुढे ओढलं. उत्तरेकडच्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळे ठिपके, आणि स्वेटरच्या बाहीवरही तेच. आमचा श्वास, शिजवणं, पातेल्याची वाफ, घरात वाळवलेले कपडे, सगळी ओल गार भिंतीवर जाऊन बसली होती. लेकीला दम्याचा थोडा त्रास आहे, त्यामुळे ती भिंत बघून मला धडकी भरली.

तेव्हा 130 पौंडांचा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, घेतला, आणि आज मी म्हणेन की तो रेडिएटरच्या आधी घ्यायला हवा होता. पहिल्या आठवड्यात रोज जवळजवळ दोन लिटर पाणी टाकीत जमायचं. हवेतला ओलावा 78 टक्क्यांवरून 58 वर आला. तो 200 वॅट घेतो, आणि ती वीज उष्णता होऊन खोलीतच राहते, म्हणजे थोडी ऊबही मिळते. कपडे त्याच्यासमोर रात्रीत वाळतात. भिंत बुरशीच्या औषधाने पुसली, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ठेवलं, पातेलं ठेवलं की एक्झॉस्ट पंखा चालूच, आणि रोज सकाळी दहा मिनिटं वरच्या खिडक्या उघड्या. थंडीत खिडकी उघडायला मन घेत नाही, पण उघडा. याच कारणासाठी शेजाऱ्यांनी देऊ केलेला सिलिंडरचा हीटर मी घेतला नाही. गॅस जळताना हवेत पाणी सोडतो, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडची भीती वेगळीच. त्याचा अलार्म आमच्याकडे आधीपासून आहे. तुमच्याकडे नसेल तर या यादीत सगळ्यात आधी तो घ्या.

खर्चाचं सांगते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या, नियामकाने ठरवलेल्या कमाल दरात वीज साधारण 24.5 पेन्स युनिट आणि गॅस 6.2. म्हणजे वीज जवळजवळ चौपट. एरवी आमची रोजची वीज 7 युनिटं. हिवाळाभर ती सरासरी साडेएकोणीस झाली: रेडिएटर 8, डीह्युमिडिफायर दीड, किटली 2, दोन थ्रो मिळून एकसुद्धा नाही. महिन्याला विजेचे नव्वद-पंचाण्णव पौंड वाढले. आदल्या हिवाळ्यात गॅसला थंडीच्या महिन्यात 110 च्या आसपास लागायचे, ते जवळजवळ वाचले, पण स्थिर आकार काही चुकला नाही. म्हणजे तेवढ्याच पैशांत पूर्वी सगळं घर आणि नळाला गरम पाणी होतं, आता एक खोली आणि बादली. एप्रिलमध्ये वीज 27 पेन्सांवर गेली तेव्हा रेडिएटर बंदच केला आणि थ्रोवर महिना काढला.

घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर आमच्यासारखं सहा महिने काढू नका. उसने घ्या, हप्ते बांधा, पण बॉयलर करा. घर भाड्याचं असेल तर हा खर्च तुमचा नाहीच. हीटिंग आणि गरम पाणी चालू ठेवणं इंग्लंडमध्ये 1985 च्या कायद्याने घरमालकाचं काम आहे. लेखी कळवा आणि तारखा जपून ठेवा.

मेच्या मध्यात नवा बॉयलर बसला, 2,150 पौंडांत. थंडी सरल्यावर कामं कमी असल्याने भाव उतरला होता. त्या संध्याकाळी लेकीने नळाखाली हात धरला आणि पाणी गरम व्हायला लागल्यावर ‘आई, आलं!’ म्हणून ओरडली. थ्रो अजून माझ्या खुर्चीवरच असतो. डीह्युमिडिफायर पावसाळी दिवसांत कपड्यांसाठी चालतो. रेडिएटर मागच्या आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका कुटुंबाला दिला, त्यांचा बॉयलर आता गेलाय. देताना त्याच्या दांड्याला एक चिठ्ठी बांधली: थेट भिंतीत लावा, 1,200 वर ठेवा, झोपण्याआधी प्लगला हात लावून बघा.